खान्देशात पावसा-वाऱ्यात एकट्याने सायकल टूर: निघायचं कसं आणि थांबायचं कुठे

पावसाळ्यात इकडे सायकल टूर करायची म्हटलं की लोक पहिला प्रश्न रेनकोटचा विचारतात, कोणता घेऊ, किती वॉटरप्रूफ, किती हजाराचा. रेनकोटवर येऊच पुढे, पण खरं सांगायचं तर खान्देशात भिजण्याने कोणाची टूर मोडत नाही. हे काय कोकण नाही, जळगावला वर्षभराचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, धुळ्याकडे त्याहून कमी, नवापूर-अक्कलकुव्याकडे तेवढा जास्त. टूर मोडते ती समोरच्या वाऱ्याने, काळ्या मातीने आणि सातपुड्यातून अचानक उतरणाऱ्या पाण्याने. त्यात एकटे असलात की "बास झालं भो, आता इथेच मुक्काम" असं म्हणणारं सोबत कोणीच नसतं, आणि पेडल मारता मारता डोकं नेहमी "अजून दहाच किलोमीटर" असंच म्हणतं. म्हणून थांबायचे नियम घरी बसून, कोरड्या अंगाने, वहीत लिहून काढायचे आणि रस्त्यावर त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही. खाली जे आहे ते बहुतेक हे नियम कसे लिहायचे याबद्दलच आहे.

दिशा आधी, रूट नंतर

जून ते सप्टेंबर इकडचा वारा पश्चिम-नैऋत्येचा. वर सातपुडा, खाली अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, मधे तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, म्हणजे वाऱ्याला सरळ रस्ताच मिळतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत केल्या कोणी. त्यामुळे पावसाळी टूर पश्चिमेकडून पूर्वेकडे करायची, वारा पाठीवर घेऊन. जळगाव-भुसावळवाल्यांना घरून निघायची हौस असते, गल्लीतून हात हलवत निघायचं, फोटो वगैरे, आणि मग अमळनेरपर्यंतच मांड्या भरून येतात. त्यापेक्षा सुरत लाइनच्या गाडीने सायकलसकट नवापूर किंवा नंदुरबार गाठा आणि सायकलवर घरी या.

रूट माझ्या मते हाच चांगला: नवापूर, विसरवाडी, नंदुरबार, मग तापी ओलांडून प्रकाशा, शहादा, तिथून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोड पकडून शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर. सुरत-नागपूर हायवे (जुने लोक अजून त्याला सहा नंबरच म्हणतात) सरळ आणि रुंद आहे, कडेला जागाही असते, पण पावसात कंटेनर बाजूने गेला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, तोंडावर डिझेल मिसळलेलं पाणी, आणि हे दिवसभर. अंकलेश्वर रोडला ट्रक कमी नाहीत, त्यात केळीचे तर भरपूर, खड्डेही आहेत, पण दर काही किलोमीटरवर गाव आहे, टपरी आहे, आडोसा आहे, एकट्या माणसाला हे रुंद रस्त्यापेक्षा महत्त्वाचं.

किलोमीटर ठरवू नका, तास ठरवा. सकाळी उजाडलं की निघायचं आणि दुपारी दोन-तीनच्या आत मुक्कामाच्या गावात असायचं, मग ते ७० किलोमीटर होवो की ३५. शहादा ते शिरपूर, शिरपूर ते चोपडा, चोपडा ते यावल, हे सगळे टप्पे ५०-६० च्या आसपास किंवा त्याहून कमी आहेत, कोरड्या दिवशी हसत होतात. पाठीवर वारा असेल तर जास्त जाल, जा. पण वारा फिरून समोर आला आणि स्पीड ताशी दहाच्या खाली गेला तर तासाभराने पुढच्या गावात चहा घ्यायचा आणि तिथेच विचार करायचा, रस्त्यात नाही. समोरच्या वाऱ्यात जोर लावून स्पीड टिकवायला जाऊ नका, हवेचा विरोध स्पीडच्या मानाने फार भराभर वाढतो, म्हणजे थोडा स्पीड वाढवायला दुप्पट दम जातो. गिअर हलका करा, कोपरं वाकवा, हँडलवर खाली झुका आणि बडबड न करता पेडल मारत राहा.

कोणत्या महिन्यात काय

जुलै-ऑगस्टची झडी परवडली. दिवसभर रिपरिप, ढगाळ, ऊन नाही, विजा कमी. जूनचा सुरुवातीचा पाऊस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा, हे दोन अवघड, कारण सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर एकदम आभाळ काळं होऊन वारा, विजा, धो धो. मे-जूनमधलं वादळ तर रावेर-यावलवाल्यांना विचारा, उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात, अशा वाऱ्यात सायकलवर बसायचंच नाही, उतरून पक्क्या भिंतीआड जायचं, झाड, होर्डिंग आणि पत्र्याच्या शेडपासून लांब. फेब्रुवारी-मार्चमधे अवकाळी आणि गारपीट होते कधीकधी, गारा सुरू झाल्या तर हेल्मेट काढायचं नाही आणि पॅनियर (कॅरियरला अडकवलेली बॅग) डोक्यावर धरायची, लाजायचं नाही.

निघायच्या आधी आणि रोज रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघायचा. यलो असेल तर जा पण लवकर आटपा, ऑरेंज असेल तर अर्धा टप्पा, रेड असेल तर लॉजवर झोपा. 'मुसळधार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, 'अतिमुसळधार' ११५.६ च्या वर, हे आकडे लक्षात असले की बातमीतला शब्द नुसता भीती घालत नाही, काहीतरी सांगतो. आणि एक, फक्त तुम्ही ज्या जिल्ह्यात आहात त्याचा इशारा बघून भागत नाही, बडवाणी, खरगोन, बऱ्हाणपूर या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांचाही बघा. का ते आता सांगतो.

नद्या

या अख्ख्या टूरमधली खरी धोक्याची गोष्ट हीच. सातपुड्यातून निघणाऱ्या नद्या, शहाद्याची गोमाई, शिरपूरची अरुणावती, शिरपूर-चोपड्याच्या मधली अनेर, पुढे यावल-रावेरकडे मोर, सुकी, या सगळ्या आखूड आणि उताराच्या, डोंगरातून निघाल्या की थोड्याच अंतरात तापीत. आणि तुमचा रस्ता डोंगराच्या पायथ्याने जातो, म्हणजे या सगळ्या तुम्ही आडव्या कापता. वर डोंगरात, सीमेपलीकडे, दोन तास जोराचा पाऊस झाला तर खाली तुमच्या डोक्यावर ऊन असताना नदीला पूर येतो. आभाळ बघून काही कळत नाही. पाणी बघून कळतं, स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या, पाला, फेस वाहून यायला लागला, वरून घरघर ऐकू आली, की पात्रात असाल तर सगळं सोडून वर पळायचं, सायकल गेली तर जाऊ द्या.

मेन रोडचे पूल उंच आहेत, तिथे सहसा अडचण नाही. अडचण गावाकडच्या फरशीवर, म्हणजे नदीतल्या ठेंगण्या पुलावर. मुक्कामासाठी किंवा एखादं मंदिर बघायला तुम्ही आत वळता, जाताना फरशी कोरडी असते, येताना तिच्यावरून पाणी. नियम लिहून ठेवा: फरशीची जमीन दिसत नसेल तर पाय घालायचा नाही. वाहतं पाणी वीतभर असलं तरी माणसाचा पाय उचलू शकतं, आणि पॅनियर लावलेली सायकल पाण्याला आडवी धरली की बॅगा पाणी अडवतात आणि ती तुम्हालाच ओढते. समोरून बाईकवाला पाणी उडवत गेला म्हणून आपणही जाऊ, हे डोक्यात येतंच, पण त्याला तिथला खड्डा कुठे आणि कडा कुठे हे लहानपणापासून माहीत आहे, तुम्हाला नाही. फरशीच्या अलीकडे चार माणसं गप्पा मारत उभी असतील तर त्यांच्यात जाऊन उभे राहा, "कथा चालना भाऊ?" (कुठे निघालात?) असं विचारतील, सांगा, मग तेच सांगतील नदीले पूर कधी उना आणि कधी उतरेल. या नद्या चढतात तशा उतरतातही लवकर, बऱ्याचदा काही तासांचा प्रश्न असतो. तेवढा वेळ हातात असावा म्हणूनच सकाळी लवकर निघायचं.

तापीचं वेगळं. ती सावकाश चढते, पण तिच्यावर हतनूर धरण आहे, ४१ दरवाजे, आणि खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज. दरवाजे उघडले की खालचं पाणी पाऊस नसतानाही वाढतं. प्रकाशाला किंवा मुडावदच्या संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर झोपायचा मोह होतो, जागा छान असतात, पण पावसाळ्यात घाटावर मुक्काम नाही, वर धर्मशाळेत किंवा मंदिराच्या ओट्यावर करा.

काळी माती

डांबरी सोडायचं नाही. एवढंच खरं तर, पण लोक ऐकत नाहीत, मॅपवर शॉर्टकट दिसतो आणि वळतात शेतरस्त्याला. ओल्या काळ्या मातीत टायर पन्नास फूट फिरला की माती मडगार्डमधे, ब्रेकमधे, चेनमधे भरते आणि चाक फिरायचंच बंद होतं, मग सायकल उचलून न्यायची, आणि मातीसकट तिचं वजन काय होतं ते उचलल्यावरच कळतं. शेतकरी पेरणीआधी वाफसा बघतो ना, तसाच तुम्हीही बघा, पायाला माती चिकटत असेल तर रस्ता बंद समजा, पाऊस थांबून एक-दोन दिवस चांगलं ऊन पडेपर्यंत. अडकलातच तर काडीने माती ओली असतानाच खरवडून काढा, वाळली की दगड होते आणि मग पाना-स्क्रू ड्रायव्हरने फोडत बसावं लागतं.

डांबरीवरसुद्धा ट्रॅक्टर शेतातून रोडवर चढतो तिथे मातीचा थर पडलेला असतो, त्यावर पाऊस पडला की तो भाग सरळ जायचा, ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही. तसंच पांढरे पट्टे, रेल्वे फाटकाचे रूळ (काटकोनात ओलांडा), पुलांचे लोखंडी जोड. आणि बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पहिल्या पावसाची पहिली वीस-तीस मिनिटं तर चहाची टपरी शोधायची, कारण रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिसळून तेव्हाच सगळ्यात जास्त घसरतं.

मडगार्ड पूर्ण लांबीचं लावा, पण टायर आणि मडगार्डच्या मधे बोट सहज फिरेल एवढी फट पाहिजे. टायर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंद, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी.

विजा

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं तर सायकल बाजूला, तुम्ही पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एकटं झाड नाही, शेतातली चार खांबांची पत्र्याची शेड नाही, मंडपाखाली नाही. काहीच नसेल तर थांबलेल्या ट्रक, जीप किंवा एसटीत बसू द्या म्हणून विचारा, बंद टपाची गाडी चालते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलमधे टाकून ठेवा. दोंडाईचा-शिंदखेड्याकडची मोकळी माळरानं किंवा कपाशीची सपाट शेतं, तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, त्यामुळे परतीच्या पावसाच्या दिवसांत अशा भागातून दुपारी एकनंतर जायचंच नाही.

सामान

ट्यूब दोन-तीन जास्तीच्या घ्या. पावसात रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि काचा वाहून येतात, ओलं रबर लवकर कापलं जातं, आणि ओल्या ट्यूबवर सोल्यूशन धरत नाही, म्हणून रस्त्यात फक्त ट्यूब बदलायची आणि पंक्चर रात्री लॉजवर काढायचं. ट्यूबचा व्हॉल्व्ह बाईकसारखा जाड घ्या, म्हणजे पेट्रोल पंपावर आणि कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मारता येते, बारीक व्हॉल्व्ह बघून गावातला पंक्चरवाला नुसता हसतो. हायब्रिड सायकलच्या ७०० सी टायरला गावात स्पेअर मिळत नाही. साध्या काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब अडीनडीला आत बसते पण टायर बसत नाही, त्यामुळे घडीचा एक टायर सोबत असलेला बरा.

ब्रेक पॅडचा एक जोड जास्तीचा, कारण मातीमिश्रित पाण्यात पॅड दिसता दिसता झिजतात. रिम ब्रेक असेल तर उतार लागायच्या आधीच हलका दाबून रिमवरचं पाणी निपटून घ्या, ओल्यात सायकल बरीच पुढे जाऊन थांबते. चेनला रोज संध्याकाळी फडकं मारून तेल, जास्तीचं तेल पुसून. मागचा लाल दिवा दिवसाही चालू, आणि अंगावर त्या रस्ता कामगारांसारखं पोपटी जाकीट, दिसायला कसं का दिसेना.

आता रेनकोट. इकडे पावसातही उकडतं, जाड रेनकोटमधे आतून घामाने भिजता, म्हणजे भिजणं काही चुकत नाही. पातळ विंडचीटर पुरे, वारा अंगाला लागू नये एवढंच त्याचं काम. पोंचो घेऊ नका, वाऱ्यात तो फुगतो आणि ट्रकच्या झोतात सायकल ओढतो. कोरडं ठेवायचं ते रात्रीचं कपड्यांचं एक जोड, चादर आणि मोबाइल-पॉवर बँक, बाकी भिजू द्या. महागड्या ड्राय बॅगची गरज नाही, खताच्या गोणीच्या आतली जाड प्लास्टिक पिशवी स्वच्छ धुऊन घ्या, तोंड पिळून दुमडून रबर लावा, थेंब जात नाही. मांड्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल रोज, ओल्या चड्डीत तासभर बसलात की हे का सांगितलं ते कळेल. रोख पैसे ठेवा, वादळात लाइट गेली की टॉवर जातो आणि मग फोन पे चालत नाही.

खाणं

याची काळजीच नाही खान्देशात. केळी तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला. फक्त दुपारी ढाब्यावर शेवभाजी दिसली की तिथेच आडवे पडाल एवढी खाऊ नका, ती रात्रीसाठी ठेवा, वरण-बट्टीही रात्रीच. दिवसा केळी, गूळ-शेंगदाणे, पोहे, चहा. गार हवेत तहान लागत नाही पण घाम जातच असतो, म्हणून बाटलीत ओआरएस किंवा नुसतं मीठ-साखर-लिंबू. पुरानंतर गावच्या नळाला गढूळ पाणी येतं, क्लोरीनच्या गोळ्या ठेवा.

डोंगरात वळायचं का

तोरणमाळ खुणावणारच, शहाद्यावरून म्हसावदमार्गे वर, ११०० मीटरच्या पुढची उंची, पावसाळ्यात धुकं आणि धबधबे. जा, पण एक पूर्ण दिवस वेगळा ठेवून, जड बॅगा शहाद्यात लॉजवर टाकून, आणि ऑरेंज इशारा नसेल तरच. तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट मात्र पावसाळ्यात मी एकट्याला सांगणार नाही, दरडी पडतात, रस्ता बंद होतो आणि रेंज नसते. घाटात जोराचा पाऊस लागला तर कापलेल्या डोंगराच्या कुशीला आडोसा घ्यायचा नाही, दगड तिथेच येतात.

सुटायची वाट

या रूटची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे तापीच्या दक्षिणेला समांतर रेल्वे आहे, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ. तुम्ही उत्तरेला, गाडी दक्षिणेला, मधे तापी, म्हणून पूल पाठ पाहिजेत: शहाद्याहून सारंगखेड्याचा पूल ओलांडून दोंडाईचा, शिरपूरहून मुंबई-आग्रा हायवेने सावळद्याचा पूल ओलांडून नरडाणा, चोपड्याहून अमळनेर किंवा धरणगाव, यावलहून भुसावळ. तापीला मोठा पूर असेल तर पूल बंदही ठेवतात, म्हणून पाणी वाढायची बातमी आली की पूल ओलांडायचा निर्णय त्याच दिवशी घ्या, उद्यावर नको. सायकल पार्सल ऑफिसात बुक होते, छोट्या स्टेशनवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते त्यामुळे नंदुरबार, अमळनेर, जळगाव अशी स्टेशनं धरा, पेडल काढा, हँडल वळवून बांधा, नाव आणि दोन्ही स्टेशनं लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल फ्रेमला बांधा. टपावर कॅरियर असलेली एसटी आता क्वचितच मिळते, त्यापेक्षा छोटा हत्ती किंवा काळी-पिवळीवाल्याशी भाव करा. श्रावणात कानबाईच्या सणाच्या दिवसांत सगळं खान्देश गावी निघालेलं असतं, तेव्हा गाड्यांमधे सायकल सोडा, तुम्हालाच जागा मिळणं कठीण.

घरच्या एका माणसाकडे रूट, मुक्काम आणि तुमचे थांबायचे नियम, तिन्ही लिहून द्या. दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, ठिकाणाचं नाव टाकून मेसेज. संध्याकाळी सातपर्यंत मेसेज नाही आला तर आधी ठरलेल्या लॉजवर फोन, मग ११२. अपघात झाला तर १०८. ज्या दिवशी रेंज नसणार आहे त्या दिवशी हे आधीच सांगा नाहीतर घरी गोंधळ. आडगावात मुक्काम पडला तर पोलीस पाटलाला भेटून सांगा, शाळेचा ओटा किंवा मंदिर मिळतंच, वर जेवायलाही बोलावतात. बायका-मुलींनी एकटीने करायची असेल तर मुक्काम नंदुरबार, शहादा, शिरपूर, चोपडा अशा तालुक्याच्या गावातच आणि एसटी स्टँडजवळच्या लॉजपेक्षा ओळखीतून एखादं घर आधी ठरवलेलं चांगलं, खान्देशात कोणाची ना कोणाची मावशी निघतेच.

घरी आल्यावर सायकल तशीच जिन्याखाली उभी करू नका. त्याच दिवशी धुवा, पण प्रेशर पाइपने नाही, हबमधे (चाकाच्या मधल्या भागात) पाणी आणि माती शिरते, बादली आणि ब्रशने धुवा. सीटची दांडी बाहेर काढून सायकल उलटी करा, फ्रेममधे साठलेलं पाणी निघतं, रात्रभर तशीच ठेवून मग दांडीला ग्रीस लावून बसवा. चाकं हाताने फिरवून खरखर येते का ऐका, येत असेल तर हब उघडून जुनं ग्रीस काढून नवीन भरायला द्या, आणि ब्रेक पॅडमधे अडकलेले खडे सुईने काढा.